१९७० ची शेव्हरले सी-१० पिकअप घेतोय: काय तपासू, कामं कोणत्या क्रमाने करू?

आखूड_हौदा

नमस्कार मंडळी. १९७० ची सी-१० हेरून ठेवली आहे. फ्लीटसाइड (हौद्याच्या बाजू बाहेरून सपाट), आखूड हौदा, २५० घनइंचाचं सरळ सहा सिलिंडर इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर. रंग नंतर मारलेला आहे, पण चकचकीत. विकणाऱ्याचं म्हणणं, "केबिनला गंज नाही, सगळं ओरिजिनल." घेतल्यावर डोक्यात आहे ते असं: ५.३ लिटरचं एलएस इंजिन (जीएमचं नव्या पिढीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं), मग गाडी पुढे ४ आणि मागे ६ इंच खाली बसवणं, पाच नटांची १५ इंची चाकं, आणि शेवटी पुढे डिस्क ब्रेक. पहिल्या भेटीत नेमकं कुठे हात घालू? आणि हा क्रम चालेल का?

पत्रा_ठोक

क्रम उलटा आहे, पण ते नंतर. आधी "ओरिजिनल" या शब्दाकडे बघू.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरची नंबरपट्टी वाचा. १९७० च्या सहा सिलिंडरवाल्या अर्धा टनी पिकअपचा क्रमांक सीएस१४० ने सुरू व्हायला हवा. सी म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह, एस म्हणजे सहा सिलिंडर, १ म्हणजे अर्धा टन, ४ म्हणजे पिकअप, ० म्हणजे १९७०. सीई१४० दिसलं तर गाडी कारखान्यातून व्ही-८ घेऊन निघाली होती आणि इंजिन नंतर बदललंय. चेसिसच्या उजव्या पट्टीवरही, पुढच्या बाजूला, क्रमांक ठोकलेला असतो. वायर ब्रश मारा आणि दोन्ही क्रमांक कागदपत्रांशी जुळवा.

आता आखूड हौदा. याला मागणी जास्त, म्हणून लांब हौद्याच्या गाड्या कापून आखूड केल्या जातात. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुट्या भागांचं लेबल चिकटवलेलं असतं, त्यावर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) छापलेला असतो: आखूडचा ११५ इंच, लांबचा १२७. लेबल ११५ म्हणत असेल तर उत्तम. १२७ म्हणत असेल आणि टेप ११५ दाखवत असेल, तर चेसिसमधून १२ इंचाचा तुकडा गेलाय. तो जोड मागच्या ॲक्सलच्या पुढे शोधा. तिरका किंवा पायरीसारखा कापून, आतून पट्टी देऊन केलेला जोड टिकतो. सरळ उभा कापून नुसता वेल्ड केलेला आणि वरून ग्राइंड करून गुळगुळीत केलेला दिसला, तर सरळ घरी या.

गंजाचं म्हणाल तर चकचकीत रंग हाच पहिला संशय. रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन जा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, दोनदा रंगवलेली गाडी ३०० पर्यंत जाते, १००० च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे. या गाड्या सडतात त्या ठरलेल्या जागी: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा उंबरा (रॉकर), पायाजवळची बाजूची पॅनल, केबिनचे पुढचे माउंट, छताची पन्हाळ, पुढच्या काचेच्या रबराखालचे दोन्ही कोपरे. उंबऱ्याला फक्त बाहेरून हात लावू नका. जुना सडका पत्रा न काढता त्यावर नवीन बाहेरचा पत्रा चढवणं ही नेहमीची युक्ती आहे. खाली आडवं होऊन आतल्या बाजूने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा, बोदा आला तर पापुद्रे.

एक सोपी चाचणी कोणी करत नाही. काचेखालच्या जाळीत अर्धी बादली पाणी हळूहळू ओता. ते दोन्ही बाजूंनी खाली जमिनीवर पडलं पाहिजे. पायाजवळ सतरंजी ओली झाली तर जाळीखालचा पत्रा गेलेला आहे, आणि तिथे पोचायला फेंडर उतरवावे लागतात.

ड्रम_ते_डिस्क

स्टिअरिंग बॉक्स चेसिसला जिथे बोल्ट होतो तिथेही बघाच. या मॉडेलला तिथे तडा जातो. एकाला चाक डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बॉक्सकडे बघा. बॉक्ससोबत चेसिसचा पत्राही श्वास घेतल्यासारखा हलत असेल तर तडा आहे. डोळ्याला दिसत नाही, कारण वर तेलाचा थर असतो.

क्रमाबद्दल: आधी चाकं ठरवा. विकत घेऊ नका, फक्त ठरवा. १९७० पर्यंत सी-१० ला सहा नट आहेत, ५.५ इंचाच्या वर्तुळावर. १९७१ ला पुढे डिस्क आली आणि पाच नट झाले, ५ इंचाच्या वर्तुळावर. म्हणजे पाच नटांची चाकं हवी असतील तर पुढे डिस्क करणं हे त्याच कामाचं अर्धं अंग आहे, आणि दुसरं अंग मागे आहे, जे लोक विसरतात. मागच्या ॲक्सलचे शाफ्ट आणि ड्रम पाच नटांचे घ्यावे लागतात. डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोजा, १२ असले तर शाफ्टला ३० स्प्लाइन (टोकाचे दाते), त्याप्रमाणे शाफ्ट घ्या. शाफ्ट बाहेर काढायला आतल्या पिनचा लॉक बोल्ट सोडवावा लागतो आणि तो हमखास तुटतो. आदल्या दिवशी बोल्टवर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा, तापवा, जोर न लावता मागे-पुढे करत सोडवा. पिन निघाली की शाफ्ट आत ढकला, त्याला अडकवून ठेवणारी सी-क्लिप पडेल, मग शाफ्ट ओढा. सील आणि बेअरिंग त्याच वेळी बदला.

डिस्कचा किट लावल्यावर सर्वांत जास्त तक्रार येते ती एकच: दहा किलोमीटरनंतर पुढची चाकं तापतात आणि पेडल दगडासारखं होतं. कारणं दोन. पहिलं, ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलने ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) पुढच्या लाइनला सुमारे १० पीएसआयचा (दर चौरस इंचाला पाउंड) दाब धरून ठेवणारी झडप असते. ड्रमला ती लागते, डिस्कला ती पॅड चिकटवून ठेवते. दुसरं, बूस्टरचा (पेडलचा जोर वाढवणारा डबा) मास्टर सिलिंडर ढकलणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, जास्त लांब. कोणतं ते ओळखायला चाक अडकलेलं असतानाच मास्टर सिलिंडरचे दोन नट ढिले करून तो बूस्टरपासून थोडा पुढे ओढा. चाक सुटलं तर पुशरॉड. नाही सुटलं आणि कॅलिपरचा (डिस्कला पॅडने दाबणारा भाग) ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, उघडल्यावर सुटलं, तर झडप किंवा आतून फुगलेला होज. आणि हो, "डिस्कला २ पीएसआयची झडप हवी" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ती मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या खाली, पायाखालच्या पत्र्याखाली असेल तेव्हा. तुमचा वर, फायरवॉलवर आहे.

सहा_नट_पुरे

पाच नटांचा अट्टहास का? सहा नटांचे डिस्क किट मिळतात. मागचा ॲक्सल उघडायचं कामच वाचतं. चाकांचे पर्याय थोडे कमी, इतकंच.

खाली बसवण्याबद्दल: पुढे २.५ इंचाचे ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आस वर सरकवून गाडी खाली आणणारे) आणि २ इंच कमी उंचीची स्प्रिंग लावली की साडेचार इंच मिळतात, तुमचं ४ चं काम भागतं. नुसती स्प्रिंग कापून ४ इंच काढलेत तर आर्म वाकडे होतात आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, भरून निघत नाही. डिस्क घेणारच असाल तर स्पिंडल त्याच किटचा घ्या, म्हणजे तेच काम दोनदा होत नाही.

मागे ६ इंच म्हणजे सी-नॉच (ॲक्सलला वर यायला चेसिसच्या पट्टीत कापलेली खाच) लागणार. ४ वर थांबलात तर आखूड बंप स्टॉप (ॲक्सल आदळू नये म्हणूनचं रबर) आणि आखूड शॉकवर भागतं. मोजायची पद्धत: चेसिस घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, मागच्या दोन्ही स्प्रिंग काढा, ॲक्सल जॅकने हळूहळू वर न्या आणि कुठे काय लागतं ते पाहा. नॉच कापायचाच असेल तर आधी बाजूच्या प्लेटला भोकं पाडून बोल्ट बसवून बघा, मग कापा.

पॅनहार्ड बार (ॲक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा) ॲडजस्टेबल घ्या, नाहीतर गाडी खाली आली की ॲक्सल एका बाजूला सरकतो. टायर आणि हौद्याच्या कडेमधलं अंतर दोन्हीकडे मोजलं की कळतं.

आखूड_हौदा

लेबलवर ११५ आहे, क्रमांक सीएस१४०. पाणी उजव्या पायाजवळ आत आलं. इंजिन बदलण्याबद्दल कोणी काही बोललंच नाही.

पत्रा_ठोक

पाणी आत आलं तर ते काम धरूनच भाव करा. उजवा फेंडर उतरवायचाच आहे, तर केबिनचा पुढचा माउंटही त्याच वेळी उघडून बघा.

ड्रम_ते_डिस्क

एलएस आत्ता नको म्हणून बोललो नाही. तुमची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्ये आहे. कार्बोरेटरला काही पीएसआय पुरतात, एलएसला ५८ लागतात. केबिनमधून इतक्या दाबाची लाइन नेण्यापेक्षा टाकी मागे चेसिसमध्ये जायला हवी, आणि मागे सी-नॉच, टाकी, एक्झॉस्ट यांची एकाच जागेत मारामारी होते. म्हणून मागचं सस्पेन्शन आधी पक्कं करा. शिवाय पिकअपमधून काढलेल्या ५.३ चं ऑइल पॅन खोल असतं, तुमच्या क्रॉसमेंबरला लागतं. कमी खोलीचं पॅन वेगळं घ्यावं लागेल. इंजिनचा कोन मागच्या पिनियनच्या (डिफरन्शियलमधला, प्रॉपेलर शाफ्टला जोडलेला गिअर) कोनाशी जुळवा, नाहीतर वेग घेताना थरथर येते.

तोवर २५० वाईट नाही. मागच्या डिफरन्शियलचा गिअर रेशो बघा: २८ इंची टायरवर ताशी १०० ला ३.७३ असेल तर साधारण २,७७५ आरपीएम, ४.११ असेल तर ३,०५०. तीन गिअरच्या जागी पाच गिअरचा ओव्हरड्राइव्ह बॉक्स (वरच्या गिअरला इंजिन कमी फिरतं) बसवलात तर हमरस्त्याचा प्रश्न निम्मा मिटतो.

सहा_नट_पुरे

खाली बसवल्यावर लगेच केलेली अलाइनमेंट शेवटची समजू नका. तीनशे-चारशे किलोमीटर चालवा, स्प्रिंग बसू द्या, मग पक्की करा. पॉवर स्टिअरिंग असेल तर कास्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) ३ ते ५ अंश पॉझिटिव्ह, कॅम्बर शून्य ते उणे अर्धा अंश, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं) एकूण १/८ इंचाच्या आत.