मदत हवी आहे: क्रूझचा पेनांग स्टॉप, आईला घेऊन जॉर्ज टाउन पायी जमेल का?

मंडळी, आम्ही जळगावहून चौघं, सिंगापूरहून क्रूझ आहे दिवाळीच्या सुटीत. मलेशियातल्या पेनांगला जहाज सकाळी ८ ला लागतं आणि ५ च्या आत परत चढायचंय. धक्का स्वेटनहॅम पिअरचा, म्हणजे जुनं जॉर्ज टाउन (२००८ पासून युनेस्कोच्या यादीत) अगदी समोरच, म्हणून जहाजवाल्यांची टूर घेत नाहीये, फार पैसे सांगतात हो.

रस्ता असा काढलाय: फोर्ट कॉर्नवॉलिस बाहेरूनच, मग लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीटचं महामरिअम्मन मंदिर, कपितान केलिंग मशीद, खू कोंगसी (खू आडनावाच्या चिनी कुळाचं जुनं कुलगृह) आणि शेवटी च्यू जेट्टी, ती पाण्यात खांबांवर उभी असलेली घरं. मॅप दोन-अडीच किलोमीटर दाखवतो, पण आईचे गुडघे मॅपला कुठे माहीत. पेनांग हिल आधीच कॅन्सल केलंय. यूट्यूबवर बरंच बघितलं, सगळी पोरं टणाटण चालतात, काही कळत नाही. उन्हाचं टेन्शन नाही, मे महिना जळगावात काढणाऱ्याला काय त्याचं, पण तिथला दमटपणा आणि पाऊस वेगळा म्हणतात.

व्हीलचेअर नको, आई बसणारच नाही. जेवण प्युअर व्हेज, अंडंही नाही, भाकरी-ठेचा सोबत आहेच पण जहाजातून खाली नेऊ देतील का शंकाच आहे.

तर जाऊन आलेल्यांनी सांगा, दुकानांसमोरच्या कमानीखालच्या पडवीतून सलग चालता येतं की मध्ये पायऱ्या आणि लावलेल्या गाड्या? मंदिर दुपारी बंद असतं का? आणि आईपुरती सायकलरिक्षा तासावर ठरवली तर साधारण किती रिंगिट घेतात?