युनोस रोडस्टरच्या डिफरन्शिअलमध्ये कोणतं गिअर ऑइल घालावं?

मागचं_चाक
गाडी १९९६ ची युनोस रोडस्टर, १.८, मॅन्युअल. म्हणजे माझदा एमएक्स-५ च, जपानमधून यूकेत आलेली. रोजचा वापर, शिवाय उन्हाळ्यात ट्रॅकवर. आधीच्या मालकाने डिफरन्शिअलचं (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) काही काम केलं होतं का, याचे कागद नाहीत. गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ (ऑइलचा दर्जा) ७५डब्ल्यू-९० (जाडीची ग्रेड) शिल्लक आहे, ते चालेल का? की ७५डब्ल्यू-१४० घ्यावं? हळू वेगात पूर्ण स्टिअरिंग वळवलं की मागून कटकट आवाज येतो, तो ऑइलचा दोष असेल का?

क्राउनपिनियन
जीएल-४ अजिबात घालू नका. या डिफरन्शिअलचे गिअर हायपॉइड आहेत. पिनियनचा (फिरवणारा लहान गिअर) अक्ष क्राउनच्या (मोठा गिअर) मध्यापासून बाजूला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. तिथे ऑइलचा थर तुटतो आणि मग दात वाचतात ते गंधक-फॉस्फरसच्या ॲडिटिव्हमुळे. जीएल-५ मध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. जीएल-४ वर ट्रॅक केलात तर दातांवर ओरखडे पडतील.

ग्रेडबद्दल: ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडीचं एकक). इंजिन ऑइलचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत, त्यामुळे गिअर ऑइलचं ९० हे साधारण इंजिनच्या ४०-५० इतकंच जाड. रस्त्यासाठी सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० पुरेसं आहे. १४० ची गरज लांब ट्रॅक सेशनमध्ये ऑइल फार तापत असेल तरच. कण्हणारा आवाज दाबायला जाड ऑइल घालतात ते चूक. आवाज कमी होतो, झिजलेलं बेअरिंग तसंच राहतं.

पाना२३
त्याआधी आत कोणता डिफरन्शिअल आहे ते बघा, कारण 'एलएस' ऑइल घ्यायचं की नाही ते त्यावरच ठरतं. एलएस म्हणजे लिमिटेड स्लिप; एलएसडी हा एकच चाक घसरून फिरू न देणारा डिफरन्शिअल. जपानी गाड्यांमध्ये कंपनीचा टॉर्सन (गिअरवर चालणारा एलएसडी) काढून घर्षणाच्या प्लेटांवर चालणारा, म्हणजे प्लेटवाला एलएसडी बसवलेला बऱ्याचदा सापडतो.

पुढच्या चाकांना अडण लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकने उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या. उचललेलं चाक हाताने सहज फिरलं तर साधा डिफरन्शिअल, किंचित ओढ लागून फिरलं तर बहुधा टॉर्सन. हाताने हललंच नाही तर मधल्या २९ मिमी नटवर टॉर्क रेंच लावून आवळायच्या दिशेने फिरवा. तो नट २०० न्यूटन-मीटरच्या वर आवळलेला असतो, हलत नाही. प्लेटा अगदी झिजल्या असतील तर मात्र ही चाचणी फसते.

टॉर्सनला साधं जीएल-५ द्या, फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह) नको. गिअरमधल्या घर्षणावरच तो चालतो, ते कमी केलं तर पकडही कमी होते.

मागचं_चाक
धन्यवाद. चाक हाताने हललं नाही. रेंचवर साधारण ६० न्यूटन-मीटरला फिरलं.

पाना२३
मग प्लेटवालाच आहे. तुमची कटकट म्हणजे प्लेटा सरळ घसरण्याऐवजी धरतात-सोडतात त्याचा आवाज. आत बहुतेक मॉडिफायर नसलेलं ऑइल आहे. बाटलीवर जीएल-५ आणि एलएस दोन्ही लिहिलेलं हवं. एलएस ऑइलमध्ये मॉडिफायर आधीच असतो, वरून बाटली ओतू नका. जास्त झाला की प्लेटा पकडच सोडतात. ट्रॅकचा वापर पाहता तुम्हाला ७५डब्ल्यू-१४० एलएस योग्य. एलएसडी कोणत्या कंपनीचा ते कळलं तर त्यांनी सांगितलेलं ऑइल आधी.

क्राउनपिनियन
बदलताना भरायचा बोल्ट आधी उघडा. खालचा काढून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरच अडकते. सहा कोनी सॉकेट वापरा (२३ किंवा २४ मिमी), बारा कोनी सॉकेट कडा खातं. गाडी पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट करा आणि चारही स्टँडवर सपाट ठेवा, मागून उचललेली असेल तर पातळी चुकते.

ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी पेस्ट असणं ठीक आहे, चकत्या किंवा दाताचे तुकडे दिसले तर ऑइल भरू नका, आधी डिफरन्शिअल उघडून बघा. प्लेटवाल्यात ऑइल लवकर काळं पडतं, त्याने घाबरू नका. नवीन वॉशर घालून बोल्ट ४० ते ५० न्यूटन-मीटरवर आवळा.

१.८ च्या ७ इंची डिफरन्शिअलला सुमारे १ लिटर लागतं (१.६ च्या ६ इंचीला ०.६५). हातपंपाने भरा, भोकाच्या खालच्या कडेतून ओघळू लागलं की थांबा. त्याहून जास्त भरलं तर फेस येतो आणि ॲक्सल सीलमधून गळतं. ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) बुजलेला असला तरीही तिथूनच गळतं, तो आत्ताच साफ करून घ्या.

पाना२३
भरल्यावर मोकळ्या जागेत अगदी हळू आठच्या आकड्यात दहा-बारा फेऱ्या मारा, म्हणजे नवीन ऑइल प्लेटांच्या मधे पोचतं. त्यानंतरही कटकट राहिलीच तर ड्राइव्हशाफ्टचे सांधे हलवून बघा, मगच एलएसडी उघडायचा विचार करा.