नाक चोंदलंय: गोळी घ्यावी की थेंब टाकावेत?

निवांत: माझ्या मते नाक चोंदल्यावर सर्दीची गोळी घेणं म्हणजे समाधान विकत घेणं. पाकिटामागे बघा, बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करायचं म्हणून फिनाइलएफ्रिन हे औषध सापडेल. पोटात गेल्यावर त्याचा मोठा भाग नाकापर्यंत पोचायच्या आतच मोडून जातो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामकाच्या, सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी कौल दिला, की नेहमीच्या डोसमध्ये पोटातून घेतल्यावर ते उपयोगी पडतं याला पुरावा नाही. त्यापेक्षा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब टाका, काही मिनिटांत श्वास मोकळा.

रात्रपाळी: थेंबांचं कौतुक मला नका सांगू. तीन आठवडे टाकत होतो. एक बाटली उशीखाली, एक खिशात. डॉक्टर म्हणाले, सर्दी केव्हाच गेली, हे थेंबांचंच दुखणं. औषधाने आकसलेल्या रक्तवाहिन्या औषध उतरलं की पुन्हा फुगतात, मग परत थेंब. शेवटी आधी एका नाकपुडीतले बंद केले, ती सुटल्यावर दुसरीतले. त्या रात्री आठवल्या तरी तोंडाने श्वास घ्यावासा वाटतो. आणि गोळीने मला तरी फरक पडतो.

निवांत: तीन आठवडे?! अहो, ते तीन दिवसांचं औषध. आणि गोळीने तुमचं थांबतं ते गळणं. ती करामत त्याच गोळीतल्या क्लोरफेनिरामिन या ॲलर्जीच्या औषधाची: नाक वाळतं, डोळे मिटायला लागतात, गाडी चालवायची सोय नाही. चोंदणं वेगळं. आतलं अस्तरच सुजलेलं असतं, म्हणून कितीही शिंकरलं तरी हाती काही लागत नाही.

मधलीसुट्टी: तुमचं चालू द्या, पण त्याच गोळीत बहुधा पॅरासिटामॉलही असतं. अंग दुखतं म्हणून वर आणखी एक घेतली की डोस दुप्पट, आणि भोगतं यकृत. बीपी असेल तर स्यूडोएफेड्रिन विचारल्याशिवाय नको, नाक मोकळं होईल पण बीपी चढेल. शिंका आणि डोळ्यांची खाज असेल तर ती ॲलर्जी, तिथे सेटिरिझिन बरं. लहान मुलांना यातलं काहीच आपल्या मनाने देऊ नका.

रात्रपाळी: मी आता सलाइन, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, स्प्रेवर आहे. धीमं काम. पण रात्री अडीचला नाक बंद असताना तिसरा दिवस की चौथा, कोण मोजतं?

निवांत: बाटलीवर पेनाने तारीख लिहायची. तिसऱ्या रात्री कचऱ्यात.

रात्रपाळी: आणि चौथ्या दिवशी सकाळी नवी बाटली. केलंय मी ते.