विमा संपून चारच दिवस झाले तरी दोन हजारांचं चलन, हे बरोबर आहे का?

तर्रीवाला:
काल सकाळी साडेनऊला नाशिकला मुंबई नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली. लायसन आहे, आरसी आहे, पीयूसी आहे, हेल्मेट डोक्यावर, म्हटलं आपल्याला काय टेन्शन. साहेबांनी मशीनमध्ये नंबर टाकला आणि काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे फिरवली. विमा चार दिवसांपूर्वी संपलेला. मी डिकीतून पॉलिसीचा कागद काढला, घडीवर फाटलेला, वर कधीतरी सांडलेल्या तेलाचा डाग, त्याच्यावरही तीच तारीख. गाडी घेतली तेव्हा शोरूमने पाच वर्षांचा एकदम काढून दिलेला त्यामुळे दरवर्षी भरायची सवयच नाही राहिली. दोन हजार. चार दिवसांसाठी. आयुर्विम्याच्या हप्त्याला महिनाभर सवलत मिळते, लाइटबिल लेट झालं तरी लगेच मीटर कापत नाहीत, मग इथेच असं का? माझं मत, निदान पंधरा दिवस ग्रेस पिरियड पाहिजेच. तुम्हाला काय वाटतं?

द्राक्षवाला निफाड:
एकदम बरोबर बोलला भाऊ. गरीब माणूस सापडतो फक्त. आमच्याकडे छाटणीच्या दिवसात सकाळी सहाला मजूर आणायला पिकअप काढावी लागते, तेव्हा पॉलिसीची तारीख बघत बसू का द्राक्षावरचा डाऊनी रोग बघू. आणि एसटीला विमा लागत नाही म्हणे, सरकारी गाड्यांना पण नाही, नियम फक्त आपल्याला. आधी द्वारकेचा चौक नीट करा मग आमचा विमा विचारा.

सिडकोची ताई:
मला तर ग्रेस पिरियड आहे असंच वाटत होतं. ९० दिवस असतात ना? आमच्या एजंटनेच सांगितलेलं.

कोर्ट गल्ली:
ताई, तो ९० दिवसांचा घोळ सगळ्यांचाच होतो. ते ९० दिवस नो क्लेम बोनससाठी. म्हणजे पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत रिन्यू केली तर साठलेली सूट जात नाही एवढंच. त्या दिवसांत गाडी रस्त्यावर आणायची परवानगी असा त्याचा अर्थ नाही. थर्ड पार्टी विम्याला, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणाऱ्या विम्याला, एका दिवसाचीही सवलत नाही, रात्री बाराला संपला की संपला.

आणि तर्रीवाले, तुम्ही स्वस्तात सुटलात. मोटार वाहन कायद्याचं कलम १९६ वाचा, पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडलात की दंड चार हजार. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड हजारापर्यंतच होता. तडजोड शुल्क भरलं की विषय मिटतो, नाही भरलं तर मॅजिस्ट्रेटसमोर जातो. अजून एक, या कलमात चालवणारा एकटा नाही, 'चालवू देणारा' पण येतो. मित्राला गाडी दिली आणि विमा नाही, तर मालक पण आत.

द्राक्षवाला निफाड:
कैद कोणाला झाली दाखवा एक तरी. दोन हजार भरा आणि चला, हेच चाललंय. मग हा दंड आहे का टोल?

पाथर्डी फाटा:
भो टोलच म्हणायचा असेल तर गणित तरी बघ. माझी गाडी १२५ सीसीची, नुसत्या थर्ड पार्टीला गेल्या खेपेला ७१४ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, सगळे मिळून साडेआठशेच्या आत. दोन माणसं कॉलेज रोडला मिसळ आणि कॉफी घेऊन उठली दोनचार वेळा तर तेवढेच होतात. साडेआठशे वाचवायला दोन हजार घालवायचे, हा कुठला व्यवहार.

तर्रीवाला:
अहो मी वाचवत नव्हतो हो, विसरलो. विसरणं आणि चुकवणं यात फरक आहे का नाही? तेवढंच विचारतोय मी.

कोर्ट गल्ली:
तुमच्या मनात फरक आहे, मान्य. ज्याला गाडी लागते त्याच्या दृष्टीने काही फरक नाही. हा विमा तुमच्यासाठी नाहीच मुळात, समोरच्यासाठी आहे, तिथे सगळ्यांची गल्लत होते. आयुर्विम्याचा हप्ता राहिला तर नुकसान तुमच्या घरचं, म्हणून तिथे सवलत चालते.

एक हिशोब मांडतो. समजा अंबडला कॉन्ट्रॅक्टवर काम करणारा ३५ वर्षांचा माणूस, पगार महिन्याला २५ हजार, घरी बायको, दोन पोरं, आई. तुमच्या गाडीने तो गेला आणि चूक तुमची ठरली. वर्षाचे तीन लाख. पुढे पगार वाढला असता म्हणून २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे त्यात ४० टक्के धरायचे, झाले चार लाख वीस हजार. चार अवलंबून आहेत म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा, उरले तीन लाख पंधरा हजार. या वयाला गुणक १६, म्हणजे ही रक्कम १६ पट धरायची. म्हणजे पन्नास लाख चाळीस हजार, वर अंत्यविधी वगैरेचे किरकोळ आणि अर्ज केल्यापासूनचं व्याज वेगळं. विमा चालू असेल तर हे कंपनी भरते. नसेल तर तुम्ही. चार दिवस संपलाय का चार वर्षं, अपघाताची भरपाई ठरवणारं प्राधिकरण विचारत नाही.

द्राक्षवाला निफाड:
कागदावर पन्नास लाख ठीक आहे, वसूल कुठून करणार. ज्याच्याकडे नाहीच त्याच्याकडून काय घेणार.

गोदाकाठ:
मी सहसा लिहीत नाही पण याला उत्तर देते. माझ्या वडिलांना दिंडोरी रोडला एका बाइकने उडवलं, म्हसरूळच्या पुढे, संध्याकाळी दूध घेऊन चालत येत होते. पिशवी रस्त्यावर फुटलेली, एक चप्पल दुभाजकावर. मांडीचं हाड, दोन ऑपरेशन, अजून काठी आहे. पोरगं पळून नाही गेलं, तेवढं खरं, उलट तोच रिक्षात घालून घेऊन गेला. गाडीचा विमा संपून दीड महिना झालेला. आम्ही केस केली, निकाल आमच्या बाजूने लागला, आणि समोर कोण तर वर्कशॉपमध्ये काम करणारा पोरगा आणि गाडी त्याच्या काकाच्या नावावर. काकाचा तर काही संबंधच नव्हता त्या दिवशी. रक्कम भरायचा आदेश दोघांवर. शेवटी जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली लावावी लागली आणि काकाच्या सातबाऱ्यावर बोजा चढला. मला त्यात काडीचा आनंद झाला नाही. माझ्या वडिलांना पैसे अजून पूर्ण मिळाले नाहीत आणि त्या माणसाला सोसायटीचं कर्ज मिळत नाही. दोन्ही घरं बसली. आणि तुम्ही विचारताय कुठून वसूल करणार, तर तुमच्यासारख्याच्या बागेतून करतात दादा.

द्राक्षवाला निफाड:
ताई तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. माझं म्हणणं तसं नव्हतं. पण एसटीचं काय ते सांगा ना कोणीतरी.

कोर्ट गल्ली:
सांगतो. कलम १४६ मध्ये सरकारी कामाच्या सरकारी गाड्यांना सूट आहे हे खरं. एसटीसारख्या उपक्रमालाही सूट मिळू शकते, पण भरपाईसाठी वेगळा निधी ठेवायचा या अटीवर. म्हणजे नुकसान झालं तर पैसे द्यायला कोणीतरी उभं आहे. तुमच्या पिकअपमागे असा निधी असेल तर बोला.

आणि अपघातात बिनविम्याची गाडी असेल तर ती ठाण्यातून सहज सुटत नाही हेही माहीत असू द्या. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आणि पुढे केंद्राच्या नियमांतही आलं, मालकाने पुरेशी हमी दिली नाही तर तीन महिन्यांनी गाडीचा लिलाव आणि पैसे प्राधिकरणात जमा.

सिडकोची ताई:
बाई गं. आम्ही तर जुनी स्कूटर मागच्या वर्षी स्टॅम्प पेपरवर विकली, आरसी अजून यांच्याच नावावर आहे. आता मग?

कोर्ट गल्ली:
उद्याच पेठ रोडला आरटीओत जा. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, २०१८ मध्येच सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय, स्टॅम्प पेपर दाखवून सुटका होत नाही. तोपर्यंत घेणाऱ्याला फोन करून विमा चालू आहे का तेवढं विचारा.

पाथर्डी फाटा:
एक मात्र तर्रीवाल्याचं मला पटतं. पाच वर्षांची पॉलिसी संपते तेव्हा माणसाला खरंच कळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू व्हीलरला पाच आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा झाला, चांगलं केलं, पण त्यामुळे सहाव्या वर्षी सगळे गाफील. चलनाचा मेसेज ज्या नंबरवर दोन मिनिटांत येतो त्याच नंबरवर विमा संपायच्या आठ दिवस आधी एक मेसेज टाकायला काय जातं? नंबर आहे, तारीख आहे, सगळं सिस्टीममध्ये आहे. ग्रेस नको, आठवण द्या.

द्राक्षवाला निफाड:
हे मला मान्य. दंड ठेवा पण आधी मेसेज पाठवा.

गोदाकाठ:
मेसेज हवाच. पण दंड मला अजूनही कमीच वाटतो.

तर्रीवाला:
ठीक आहे, ग्रेस पिरियडची मागणी मागे घेतो, मेसेजची ठेवतो. दोन हजार भरले, पावती आली. आत्ता दुपारी ऑनलाइन पॉलिसी पण काढली, पण ती सुरू होणार आज रात्री बारानंतर. आणि संध्याकाळी सातला बहीण नाशिक रोडला उतरतेय, घ्यायला जायचंय. गाडी खाली उभी आहे, चावी आईकडे दिली, रिक्षाने जातो.

पाथर्डी फाटा:
रिक्षाचा विमा बघून बस.