नाइटला पहाटे ४ नंतर झोप येत नाही पण चुका होतात, कुणाला असा अनुभव आहे का?

सिडकोची_सिस्टर:
नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे, सहा वर्षं झाली. मॉर्निंग ८ ते २, इव्हनिंग २ ते ८ आणि नाइट ८ ते ८. महिन्यातून दोनदा सलग चार नाइट लागतात. झोप येते ही तक्रार नाहीये, ती तर सगळ्यांनाच येते. गेल्या आठवड्यात तिसऱ्या नाइटला सव्वाचारच्या सुमारास इन्सुलिनची सिरिंज बदलली, औषध ठरलेल्या वेगाने सोडणाऱ्या पंपावर १.२ टाकायचं होतं आणि मी १२ टाकलं, टिंब दाबलंच गेलं नाही. आणि वर स्क्रीनकडे बघून मनात "एक पॉइंट दोन" असं वाचलंसुद्धा! बाजूच्या बेडची सिस्टर डबल चेकला आली म्हणून स्टार्ट करायच्या आधी तिने पकडलं. पेशंटला काही झालं नाही, पण माझ्या पोटात अजून गोळा येतो. त्या वेळी मला अजिबात झोप येत नव्हती हो, चहा झालेला, डोळे टक्क उघडे, उलट आज आपण फ्रेश आहोत असंच वाटत होतं. दिवसा घरी झोप मिळते चार-साडेचार तास, बाजूला बिल्डिंगचं काम चालूय, मग भाजीवाला, मग मुलगा बालवाडीतून येतो. सासूबाई समजून घेतात, पण कुणी आलं की "सून अजून झोपलीच आहे का" हे बेडरूममध्ये ऐकू येतंच. इन्चार्जना सांगितलं तर म्हणाल्या लक्ष देत जा. अहो लक्षच तर राहत नाहीये ना. तुम्ही लोक काय करता?

अंबड_थर्डशिफ्ट:
ताई मी नर्स नाही, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, पण शिफ्टचं दुखणं सेमच. आमच्याकडे दर आठवड्याला शिफ्ट बदलते, शरीराला जरा सवय लागतेय म्हणेपर्यंत आठवडा संपला. फरक एवढाच की माझी चूक झाली तर जॉब, म्हणजे मशीनवरचा पार्ट, रिजेक्ट होतो, तुमच्याकडे माणूस आहे. मला जास्त भीती घरी येतानाची वाटते. मागच्या वर्षी सकाळी गरवारे पॉइंटजवळ सिग्नलला गाडीवरच डोळा लागला, दोन-तीन सेकंद असतील, मागच्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या तेव्हा कळलं. तेव्हापासून थर्ड शिफ्टच्या आठवड्यात बाइक घरी आणि मी सिटीलिंक बसने. तुम्ही कशाने येता जाता?

नाइट_म्हणजे_नाइट:
सवयीचा भाग आहे सगळा. आमच्या वेळी पन्नास बेडला दोन सिस्टर असायच्या, कुणी तक्रार केली नाही. आजकालच्या मुली नाइटला मोबाइल बघतात आणि मग झोप झोप करतात.

पंचवटीकर_मावशी:
वरच्या साहेबांना नमस्कार. मीपण त्याच काळातली, ३३ वर्षं नोकरी झाली, शेवटची नऊ इन्चार्ज म्हणून. तक्रार केली नाही म्हणजे चुका झाल्या नाहीत असं नसतं, त्या लिहिल्या जात नव्हत्या एवढंच.

सिस्टर बाळ, आधी एक काम कर, झालेला प्रकार वेळेसकट लेखी दे. पेशंटला काही झालं नाही म्हणून सोडू नकोस. असे चार कागद जमले की रोस्टरवर बोलता येतं, तोंडी रडगाणं कोणी ऐकत नाही. दुसरं, तुमचं चक्र कसं फिरतं ते बघ. मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट असं पुढे पुढे सरकलं तर सोसतं, कारण उशिरा झोपणं शरीराला जमतं, लवकर झोपणं नाही. आज इव्हनिंग करून रात्री ८ ला सुटायचं, हँडओव्हर आवरून घरी पोचेपर्यंत ९:३०, स्वयंपाक-जेवण-भांडी, आणि परत सकाळी ८ ला हजर, ही जोडी मी इन्चार्ज झाल्यावर पहिली बंद केली.

आणि पंपाचं म्हणशील तर मनात वाचायचं नाहीच. बोट ठेवायचं आणि मोठ्याने, "एक, टिंब, दोन". टिंबाचा उच्चार करायचा. पहाटे डोळ्याला जे अपेक्षित असतं तेच दिसतं ग. माझ्या हाताखालच्या मुली हसायच्या, आता त्याच नवीन मुलींना ओरडतात.

गंगापूररोड_डॉक:
मी फिजिओलॉजी शिकवतो म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. झोप येणं, थकणं आणि लक्ष उडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण एकाच पोत्यात भरतो. बारा तास उभं राहून पाय दुखतात तो थकवा, दहा मिनिटं बसलं तरी उतरतो. लक्षाचं तसं नाही. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी प्रयोग केला होता, १४ दिवस रोज फक्त ६ तास झोप. लाइट दिसला की बटण दाबायचं अशी साधी टेस्ट, त्यातल्या चुका रोज वाढत गेल्या, पण तुम्हाला झोप येतेय का विचारलं तर लोक म्हणायचे, थोडीशी, ठीक आहे. सिस्टर, तुम्हाला "फ्रेश" वाटत होतं ना, ते हेच. तुमची तर ६ पण होत नाही.

त्यात पहाटे ३ ते ५ शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात खाली असतं, मेंदूतलं घड्याळ चार नाइटांत काही उलटं फिरत नाही. पहिल्या नाइटचा हिशोब करा, मुलासाठी सकाळी ७ ला उठला आणि दुपारी पडला नाहीत तर रात्री १२ ला १७ तास जागे. १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात १७ तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं निघालं, आणि आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा आहे ०.०३! म्हणून पहिल्या नाइटआधी दुपारी दीड तास तरी पडाच. चहा-कॉफी रात्री २ च्या आत संपवा, कॅफिनचा निम्मा भाग उतरायला साधारण पाच तास लागतात, सव्वाचारचा कप तुमची सकाळची झोप खातो. वीस मिनिटांची डुलकी मिळाली तर घ्या, पण उठल्या उठल्या औषध काढू नका, डोकं ताळ्यावर यायला पंधरा-वीस मिनिटं जातात.

सिडकोची_सिस्टर:
सगळ्यांना थँक्यू, मावशी तुम्हाला स्पेशल. काल लेखी दिलं, हात थरथरत होते पण दिलं. इन्चार्ज आधी गप्प होत्या, मग म्हणाल्या माझं पण असं झालं होतं एकदा. डुलकीचं अजून "बघू" वर आहे. पण आम्ही तिघींनी आपसात ठरवलंय, ३ ते ५ मध्ये हाय रिस्क औषधाला दोघींनी उभं राहूनच वाचायचं, टिंबासकट. दादा, मी स्कूटीनेच येते, आता नाइटला मिस्टर सोडतील म्हणालेत, सकाळची बस बघते. डॉक्टर, दुपारी पडायचं म्हटलं तर खिडकीतून ऊन थेट तोंडावर येतं, मेनरोडला पडद्याचं जाड काळं कापड चांगलं कुठे मिळेल कुणी सांगेल का?

पंचवटीकर_मावशी:
पडदा होईपर्यंत खिडकीला जुनी गोधडी लाव ग, मी ३३ वर्षं तेच केलं. आणि दाराची बेल बंद करून झोप.