‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ला मराठीत काय म्हणाल?

पानगळ:
आरोग्यसेविका आणि आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. पहिल्या खर्ड्यात ‘आघात-माहितीपूर्ण सेवा’ असं लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर एका सिस्टरांनी विचारलं, “म्हणजे अपघाताचा पेशंट आला की त्याची माहिती भरायची का?” त्यांचं काही चुकलं नाही. हायवेवर ‘ट्रॉमा केअर सेंटर’ची पाटी असते तिथे हाडं मोडलेली माणसंच नेतात.

मूळ विचार वेगळा आहे. समोरच्या माणसावर आधी काहीतरी भयंकर गुदरलेलं असू शकतं हे धरून चालायचं, आणि आपल्या प्रश्नांनी, स्पर्शाने, आवाजाने ते पुन्हा उकरलं जाणार नाही असं वागायचं. अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेने 2014 मध्ये याची जी मांडणी केली, तीच पुस्तिकेला धरली आहे. ‘आघात-सजग’ कसं वाटतं? ‘आघात-संवेदी’?

शब्दवेडा:
‘आघात’ ठेवाच. मुळात ‘हन्’ धातू. अपघात, पक्षाघात, विश्वासघात सगळे त्याच घरातले. ग्रीक ‘ट्रॉमा’चा मूळ अर्थ मात्र जखम, म्हणून त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘क्षत’. ‘क्षतभान’ करा की! जड वाटेल, पण सावरकरांचा ‘महापौर’ आज कुणाला जड वाटतो? वापरला की रुळतो.

माळवद:
‘क्षतभान’ माझ्या आजीला कळला नसता. तिचा शब्द होता ‘धसका’.

आम्ही किल्लारीच्या बाजूचे. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची माती, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. पुढे पक्कं घर मिळालं तरी आजी कित्येक वर्षं अंगणात पत्र्याखालीच झोपायची. लोक म्हणायचे, “म्हातारीनं छताचा धसका घेतलाय.” दरड धसते तसं माणूस आतून धसतं, तोच हा शब्द असणार असं मला वाटतं.

पाहणीला येणारे फॉर्म काढून उंबऱ्यातूनच विचारायचे, “घरातले किती गेले?” आजी उठून चुलीकडे जायची. एक बाई मात्र आल्या आणि म्हणाल्या, “आजी, आत बसू का बाहेर झाडाखाली?” त्यांच्याशी ती दोन तास बोलली. तुमच्या पुस्तिकेत जे सांगायचंय ते हेच ना?

शब्दवेडा:
आजींबद्दल वाचून गलबलून आलं. तरी ‘धसका’ पुरणार नाही. ‘परीक्षेचा धसका’ही आपण म्हणतोच. शिवाय धसक्याला एक घटना लागते. ज्या पोराने लहानपणापासून रोज घरात मार पाहिला, त्याचं काय? बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला, त्यात साडेनऊ हजारांहून जास्त लोक होते. अशा अनुभवांचे प्रकार जितके जास्त, तितकी मोठेपणी हृदयविकारापासून नैराश्यापर्यंतची जोखीम जास्त. हे वर्षानुवर्षं झिरपलेलं असतं. त्याला धसका कसं म्हणणार?

जुनी सिस्टर:
मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये. तुम्ही सगळे ‘ट्रॉमा’वर भांडताय, अडचण ‘इन्फॉर्म्ड’ची आहे.

तपासणीच्या टेबलावर एखादी बाई लाकडासारखी ताठ व्हायची, मांड्या आवळून घ्यायची. आम्ही केसपेपरवर लिहायचो, ‘पेशंट कोऑपरेट करत नाही.’ मीही लिहिलंय, पुष्कळदा. तिच्यावर काय गुदरलं असेल हे मनातसुद्धा आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मग सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं की बलात्काराच्या तपासणीत केली जाणारी दोन बोटांची चाचणी बाईच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला घालते. 2014 मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात प्रत्येक टप्प्यावर पीडितेची संमती आणि तिचा नकाराचा हक्क. तेव्हापासून मी असं म्हणायला लागले: “ताई, आता चादर गुडघ्यापर्यंत घेते. थांब म्हणालात की थांबेन.” आणि खरंच थांबायचे. एवढ्याने खांदे सैल पडलेले मी पाहिलेत.

म्हणून ‘भान’ शब्द सोडू नका. माहिती कागदावर राहते, भान हाताला असावं लागतं. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत संस्थेने 2000 साली हिंसा सोसणाऱ्या बायांसाठी केंद्र काढलं, त्याचं नाव ‘दिलासा’. दारावरच्या पाटीत आघात नाही, इथे काय मिळेल ते आहे.

शब्दवेडा:
सिस्टर, सगळं मान्य. फक्त दिलासा मुळात फारसी आहे. ‘धीर’ काय वाईट?

पेणकरीण:
फारसी असेल हो, पण माझ्या आईने मला रडताना जो दिला तो दिलासाच होता. तो मराठीच.

सिस्टर, तुमचं लिहिणं पोचलं, पण ‘पीडिता’ नको. मी अत्याचार झालेल्या मुलींच्या निवासात काम करते. एकीने वर्तमानपत्रातलं कात्रण दाखवून विचारलं होतं, “मी आयुष्यभर हीच का?” मला उत्तर देता आलं नाही. भानाची गोष्ट करायची तर सुरुवात इथून करा. आम्ही ‘तगलेली’ म्हणतो.

शब्दवेडा:
‘तग’ रोपं धरतात, दुष्काळात गुरं धरतात. त्यात नुसतं टिकणं आहे, सावरणं नाही. ‘सावरलेली’ म्हणा.

पेणकरीण:
सावरलीच पाहिजे अशी सक्ती कशाला? काही जणी नाही सावरत. त्यांना कोणता शब्द द्यायचा?

जुनी सिस्टर:
बरोबर आहे. ‘पीडिता’ मागे घेते. केसपेपरवर मात्र नुसतं नाव लिहावं, दुसरं काही लागतच नाही.

पानगळ:
शीर्षक सध्या ‘आघाताचं भान ठेवून सेवा’ असं केलंय. लांब आहे, पण त्या सिस्टरांना वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच मान डोलावली. ‘धसका’ आतल्या उदाहरणात घेते. पण पुस्तिकेत ‘पीडित’ सव्वीस ठिकाणी आहे आणि शुक्रवारी छपाईला द्यायचीय. ‘तगलेली’ घेऊ का?

माळवद:
आजी आणि तिच्या वयाच्या बाया ‘राहिलेली’ म्हणायच्या. “आमच्या घरातली मी एकटी राहिलेली.” त्यात सावरणं होतं की नव्हतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.