सुरळीत दिवसाच्या आकड्यांवर प्रकल्पाला हिरवा कंदील द्यावा का?

मूळ मुद्दा
रोज १०० टन सुका कचरा वेगळा करून त्यातलं प्लास्टिक धुणारा प्रकल्प प्रस्तावित आहे असं धरू. अशा प्रकल्पांच्या पर्यावरण आघात मूल्यांकनात, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते आधी तपासणाऱ्या अहवालात, एक खोड वारंवार दिसते: सगळी गणितं सुरळीत दिवसाची. गाड्यांचंच घ्या. १० टनी गाडी धरून १० गाड्या, म्हणजे येऊन-जाऊन २० फेऱ्या. पण सुट्या सुक्या कचऱ्याने गाडी वजनाआधी आकारानेच भरते. २० घनमीटरच्या हौद्यात दोन-अडीच टन बसला तर पुष्कळ. म्हणजे ४० ते ५० गाड्या, ८० ते १०० फेऱ्या. धूळ, धूर, आवाज, तिन्ही प्रकरणांचा पाया इथेच कच्चा राहतो. शिवाय आलेल्या मालातला २० टक्के टाकाऊ निघाला, तर रोज २० टन पुन्हा बाहेर न्यायचा. तो कुठे जाणार हे लिहिलेलं नसेल, तर अहवाल परत पाठवावा.

प्रतिसाद १ : असहमत
फेऱ्या कमी धरल्या, मान्य. पण दाबयंत्राच्या गाड्या वापरल्या तर तेवढ्याच हौद्यात सहा टन बसतात. आवाजाची भीतीही जरा जास्त वाटते. रहदारी दुप्पट झाली तरी पातळी ३ डेसिबलनेच वाढते. आणि 'प्रकल्प नकोच' हा पर्यायसुद्धा तपासायचा असतो. अहवाल परत पाठवाल तेवढे महिने हाच कचरा उघड्यावर जळत राहील, त्याचा धूर कोणत्या तक्त्यात मांडणार?

प्रतिसाद २
दाबून आणलेल्या मालात काच फुटून कागदात रुतते, म्हणजे टाकाऊ वाढला. आणि लिथियम बॅटरी चेपली की ती गाडीतच पेटू शकते, नाहीतर पुढे श्रेडरमध्ये, म्हणजे मालाचे तुकडे करणाऱ्या यंत्रात. ते ३ डेसिबल दिवसभराच्या सरासरीतले आहेत. पहाटे मागे घेताना वाजणारा गाडीचा भोंगा सरासरीत विरघळतो, झोपलेल्या माणसाच्या कानात नाही. ('प्रकल्प नकोच' या पर्यायाशी तुलना करून 'मिथेन वाचला', म्हणजे कचरा कुजून होणारा वायू टळला, असं लिहिताना प्लास्टिकचं वजनही धरलेलं असतं. कचराभूमीत मिथेन कागद-पुठ्ठ्यापासून होतो, प्लास्टिकपासून नाही.)

प्रतिसाद ३
आगीचं निघालंच आहे तर पाण्याचं बोलू. दाबून बांधलेल्या मालाच्या गठ्ठ्यांची आग आतून धुमसते, तासाभरात विझत नाही. मिनिटाला २,००० लिटर पाणी चार तास मारलं तर ४८० घनमीटर काळं पाणी. एक हेक्टर फरसबंद आवारावर २५ मिमी पाऊस पडला तर २५० घनमीटर. टाकी पावसापुरतीच धरली असेल, तर आगीच्या दिवशी उरलेलं सरळ नाल्यात.

प्रतिसाद १
त्यासाठी ५०० घनमीटरची दुसरी टाकी कशाला? आवाराला चारी बाजूंनी काठ बांधा. हेक्टरभर सपाट जागेत ५ सेंमी पाणी अडलं की ५०० घनमीटर झाले.

प्रतिसाद ३
कागदावर बरोबर. पण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आवाराला उतार असतोच. सखल कोपऱ्यात गुडघाभर पाणी आणि वरच्या कडेला कोरडं. उतार धरून गणित करा, आणि नाल्यावरची झडप आगीच्या सूचनेबरोबर आपोआप बंद होणारी घ्या. हाताने फिरवायची झडप गंजते, आणि तिच्यापाशीच धूर असतो.

मूळ लेखक
धुण्याच्या पाण्याला अजून कुणी हात लावला नाही. '९५ टक्के पुनर्वापर' वाचून समाधान मानू नका. पाणी फिरत राहतं तसे त्यात क्षार, लेबलांचा गोंद आणि प्लास्टिकचे बारीक कण साचतात. उरलेल्या ५ टक्क्यांत ते दाटून बाहेर पडतात. ५० मायक्रॉनची गाळणी त्याहून बारीक कण बहुतांशी सोडून देते. मोजणी त्या ५ टक्क्यांची हवी.

प्रतिसाद १
ही मोजणी घाला, फेऱ्या पुन्हा काढा, झडपेची अट लिहा. एवढ्यासाठी पुरवणी अहवाल मागता येतो. सगळं परत पाठवायची गरज मला अजूनही दिसत नाही.

मूळ लेखक
पुरवणीत टाकाऊ मालाची जागा आणि तिथल्या स्वीकृतीचं पत्र आलं, तर माझी हरकत नाही. ते नसेल तर आहेच.